धूर, धूळ, तुंबलेलं गटार: बेळगाव भागात पाहणीसाठी अर्ज कसा द्यायचा

उद्यमबागेतल्या फौंड्रीचा धूर असो, निपाणीच्या तंबाखूची धूळ असो की गल्लीतलं तुंबलेलं गटार, अर्ज बहुधा एकाच कारणानं वाया जातो. लिहिलेलं असतं, "धुराचा फार त्रास होतो." निरीक्षक सकाळी अकराला येतात, तेव्हा भट्टी थंड असते. "धूर आढळला नाही" असा शेरा पडतो आणि फाइल मिटते.

म्हणून अर्जाआधी आठ-दहा दिवस वही ठेवा. "मंगळवार, पहाटे 5.20, चिमणीतून काळा धूर, पाऊण तास, वारा आमच्या बाजूला." एवढं पुरे. धुतलेलं पांढरं फडकं रात्रभर गच्चीवर वाळत घाला आणि सकाळी त्यावर बसलेल्या काजळीचा तारखेसह फोटो काढा. मग अर्जात ठामपणे मागा: पाहणी याच वेळेला व्हावी आणि पंचनाम्याच्या वेळी आम्हाला बोलवावं.

बेळगाव शहरात अर्ज महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, निपाणीत नगरपालिकेकडे, खानापुरात पट्टण पंचायतीकडे द्यायचा. खेड्यात ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्या, एक प्रत तालुका आरोग्याधिकाऱ्यांना. कारखान्याचा धूर किंवा खडी क्रशरची धूळ असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयालाही कळवा. 1981 च्या हवा कायद्याखाली कारखाना चालवायचं संमतीपत्र मंडळच देतं. गटारासाठी मात्र तिथं खेटे घालू नका.

अर्ज कुणीही करू शकतं. घर भाड्याचं असलं तरी चालतं, घरमालकाची सही लागत नाही. पण शेजारच्या चार-पाच घरांच्या सह्या जरूर घ्या. एकाच घराचा त्रास दिसला की "तुमचं आपसातलं भांडण आहे" म्हणून बोळवण होते.

सोबत ओळख आणि पत्त्याचा पुरावा, वहीच्या पानांची झेरॉक्स, फोटो, हातानं काढलेला जागेचा नकाशा आणि दम्याचा वगैरे त्रास असेल तर दवाखान्याची चिठ्ठी जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा.

भाषेबद्दल बिचकू नका. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. तरी मी सांगेन, सोबत कन्नड प्रत जोडा. हक्क आपला आहेच, पण अर्ज लवकर वाचला जाणं आज जास्त गरजेचं आहे.

कुणीच हललं नाही तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या एसी (असिस्टंट कमिशनर) साहेबांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली अर्ज करा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 133 ते हेच. ते उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. समोरच्यानं हरकत घेतली तर पुरावा ऐकून प्रकरण 90 दिवसांत, फार तर 120 दिवसांत संपवायचं असतं. पालिका "निधी नाही" म्हणाली तर 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल दाखवा. पैसे नाहीत म्हणून गटाराची जबाबदारी टाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात बजावलं आहे.

पाहणी अहवालाची प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. हा अर्ज मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतच लिहा. त्या कायद्यात मराठीची सोय इथं नाही.