नारळ उभा राहिला, पण पाणी गोडं किती खोल?

परवा आमच्या वाड्यावर एकाने बोअर मारायला नारळवाल्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणभर फिरला, आंब्यापाशी नारळ उभा राहिला, झालं, जागा ठरली. अहो, गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, बार्देशच्या किनाऱ्यावर वाळूत कुठेही खणा, पाणी लागणारच, त्यात नारळाचं कर्तृत्व काय? ते गोडं पाणी किती खोलवर पुरतं हे विचारायला हवं, आणि त्यावर नारळ गप्प.

बऱ्याच जणांना वाटतं समुद्र भरतीला बाजूने बांयत, म्हणजे विहिरीत, शिरतो. तसं नाही, किनाऱ्यालगत खारं पाणी मुळात खालीच असतं आणि मुरलेलं पावसाचं पाणी त्याच्यावर होडीसारखं तरंगत असतं. घनमीटरभर गोडं पाणी 1000 किलो, समुद्राचं 1025 किलो, फरक जेमतेम 25 किलोचा. आता तोलून बघा: 40 मीटर खाऱ्या पाण्याचं वजन म्हणजे 40 गुणिले 1025, आणि 41 मीटर गोड्याचं 41 गुणिले 1000, दोन्ही 41000! म्हणजे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली 40 मीटर गोडं पाणी तोललेलं असतं. याला घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात (जांभ्यात, कातळात तो इतका काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाज येतो).

मला यातली उलटी बाजू भारी वाटते. गेस्ट हाऊसच्या पंपाने पातळी अर्धा मीटर उतरली, डोळ्याला काही दिसतही नाही, पण हळूहळू खालची खारी सीमा 20 मीटर वर सरकू शकते, माल उतरवला की होडी वर येते ना, तसंच. शिवाय पंपाच्या बरोबर खाली खारं पाणी वारुळासारखं शंकू करून वर चढतं, त्यामुळे मे महिन्यात पाणी कमी पडलं म्हणून आणखी खोल जाणारा त्या शंकूच्याच दिशेने जातो.

आणि बिघडायला खारं पाणी थोडंसंच पुरतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं, पिण्याच्या पाण्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. शंभर तांब्यांत दोन तांबे समुद्र मिसळला की ती ओलांडलीच.

उकळून घ्या म्हणतात, ते सोक पिटमधून (संडासाच्या शोषखड्ड्यातून) झिरपणाऱ्या जंतूंसाठी ठीक आहे, मीठ उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. आरओ मीठ काढतो खरा, पण त्यासाठी बरंच पाणी मोरीत सोडतो.

आमच्या आजीची बांय रुंद आणि उथळ होती, तिच्यात फक्त वरचं गोडं पाणी जमायचं आणि दिवसभरात निघायच्या दहा-बारा कळश्या. शेजाऱ्याची बोअर 60 मीटरवर गेलीय, उद्या पंप बसतोय.