शवविच्छेदनातून निदानाची फेरतपासणी: पार्श्वभूमी

'पोस्टमॉर्टेम' म्हटलं की आपल्याकडे पोलीस, पंचनामा आणि शवागाराबाहेर ताटकळणारे नातेवाईक डोळ्यांसमोर येतात. पण त्याचा एक प्रकार गुन्ह्याशी संबंधित नसतो. रुग्ण दाखल होता, उपचार झाले, तरी गेला. मग आपलं निदान बरोबर होतं का, हे पाहण्यासाठी डॉक्टरच नातेवाइकांकडे संमती मागतात.

इटलीतल्या पाडुआचे शरीररचनातज्ज्ञ मोर्गान्यी यांनी १७६१ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे सातशे शवविच्छेदनांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोगाचं मूळ अवयवात शोधायची रीत रुजवली. स्वतःच्या रुग्णालयातल्या चुका मोजायचं धाडस मात्र अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी दाखवलं. १९१२ साली त्यांनी तीन हजार शवविच्छेदनं आधीच्या निदानांशी ताडून पाहिली. मधुमेह आणि विषमज्वर शंभरात नव्वदांहून अधिक वेळा अचूक ओळखले गेले होते. मूत्रपिंडाचा तीव्र दाह अवघ्या सोळा वेळा. आधी डॉक्टरांनी केस सोडवायची, मग पॅथॉलॉजिस्टने उत्तर सांगायचं, ही आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत होणारी 'सीपीसी' (क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स) त्यांनीच रूढ केली.

पुढे सोनोग्राफी, सीटी स्कॅन आले आणि आता शव उघडायची गरज काय, असं वाटू लागलं. १९८३ साली बोस्टनमध्येच एका रुग्णालयातली १९६०, १९७० आणि १९८० सालची प्रत्येकी शंभर शवविच्छेदनं तपासली गेली. तिन्ही वर्षांत साधारण दहा टक्के मृतांमध्ये असा मोठा आजार निसटला होता, जो वेळीच कळता तर उपचार बदलले असते, कदाचित आयुष्य वाढलं असतं. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी निसटण्याचं प्रमाण घटलं होतं, पण शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग अधिक वेळा निसटत होता. काही ठिकाणी तर नव्या तपासण्यांवरच्या अतिविश्वासाने घात केला होता. नंतरच्या दशकांत चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

तरीही अमेरिकेत एकेकाळी जवळपास निम्म्या रुग्णालयीन मृत्यूंनंतर होणारं शवविच्छेदन पाच टक्क्यांच्या आसपास घसरलं. खटल्याची भीती, खर्च आणि शोकात बुडालेल्या घरच्यांना विचारायचं कसं हा संकोच. यातला संकोच मला सगळ्यांत समजण्यासारखा वाटतो.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात एड्सने दगावलेल्यांची शवविच्छेदनं झाली, तेव्हा सर्वाधिक आढळला तो क्षय, ज्यावर औषध होतं.