4 कोटी अंकांच्या मागचा 4

21 ऑक्टोबर 2024 ला जाहीर झालेली मूळ संख्या आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी आहे: 2 चा 13,62,79,841 वा घात, वजा 1. अंक 4,10,24,320. पानावर 5,000 अंक बसवले तरी आठ हजारांहून जास्त पानं लागतील. सदाशिव पेठेतल्या आमच्या शनिवारच्या वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, एवढ्या संख्येला कशाकशानं भागून बघितलं?"

ती मूळ आहे हे भागून ठरलेलंच नाही, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं.

2 च्या घातातून 1 वजा केलेल्या संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं 1644 मध्ये 257 पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात याची यादी छापली. तिच्यात 67 आणि 257 चुकून आले. 61, 89 आणि 107 राहून गेले. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही.

खरं वळण एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं दिलं. 1876 मध्ये त्यानं 2 चा 127 वा घात वजा 1 ही 39 अंकी संख्या मूळ असल्याचं हातानं आकडेमोड करून सिद्ध केलं. घातांक 67 ची संख्या मूळ नाही हेही त्यानं तेव्हाच दाखवलं, अवयव न सापडता! ते अवयव 1903 मध्ये फ्रँक कोलनं दिले: 193707721 आणि 761838257287.

ल्यूकाची रीत अमेरिकी गणितज्ञ लेहमरनं 1930 मध्ये नीटस केली. 4 पासून सुरुवात करायची. वर्ग करून 2 वजा करायचे, तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकापेक्षा 2 कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी 0 आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. 127 ही संख्या घ्या, म्हणजे 2 चा 7 वा घात वजा 1. घातांक 7, म्हणून पाच पायऱ्या: 4, 14, 67, 42, 111, 0. वहीच्या अर्ध्या पानात काम होतं.

2024 चा शोध ल्यूक ड्युरंटचा. अनेक देशांतल्या संगणकांवरची ग्राफिक्स कार्डं त्यानं कामाला लावली होती. आधी वेगळ्या कसोटीतून ही संख्या बहुधा मूळ असल्याचं दिसलं; शिक्कामोर्तब मात्र याच वर्ग-वजा-दोननं झालं, तेरा कोटींहून जास्त पायऱ्या करून.

गणितज्ञ द. रा. कापरेकर 1929 मध्ये याच शहरातल्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाले. अंकांशी हातानं झटण्याची त्यांची गोडी मी मुलांना नेहमी सांगतो. म्हणून त्या मुलीला घातांक 11 ची संख्या, 2047, घरी करायला दिली. पुढच्या शनिवारी तिनं नऊ पायऱ्या मांडून आणल्या. शेवटी बाकी 1736. "म्हणजे मूळ नाही," ती म्हणाली. 23 आणि 89 हे अवयव आम्ही त्यानंतर शोधले.