परतताना बाईक बिनकस्टम आणता येते का?

"परदेशातून कायमचं परतणाऱ्याला स्वतःची मोठी बाईक घरसामानात धरून कस्टम न भरता आणता येते, म्हणून तिकडेच स्वस्तात घ्या." हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय.

गैरसमज होणं साहजिक आहे. कायमचं परतणाऱ्याला घरच्या वापरलेल्या सामानावर सवलत खरंच मिळते. पण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम २(३) उघडा. 'बॅगेज'ची व्याख्या तिथे आहे आणि तिच्यातून मोटार वाहन स्पष्ट वगळलंय. कायदा नेटवर आहे, ओळ एकच आहे.

म्हणजे बंदरात उतरलेली बाईक ही रीतसर आयात. शुल्क नुसत्या किमतीवर बसत नाही, जहाजाचं भाडं आणि विमाही त्यात धरतात. त्या बेरजेत शुल्क मिळवून त्यावर जीएसटी, मग इथला रोड टॅक्स. तिकडच्या किमतीला चलनाच्या दराने गुणून "निम्म्यात पडली" म्हणणारा हिशेब इथेच चुकतो. पैसे पाठवण्याआधी कस्टम एजंटकडून सगळा खर्च लेखी घ्या.

ठाण्यात किंवा वाशीत कुणी अशी "गल्फवरून आणलेली" बाईक विकत असेल तर जास्तच जपा. आधी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात करताना कस्टमकडे भरलेला कागद, मागा. मग हँडलखालच्या मानेवरचं ग्रीस फडक्याने पुसा, कोरलेल्या चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक आकडा बिलाशी आणि आरसीशी ताडून पाहा. बिल ऑफ एंट्री "नंतर देतो" म्हणाला, तर टोकनसुद्धा देऊ नका.