फोटोची धार कुठे जाते?

फिल्मचे जुने कॅमेरे पुन्हा कपाटांतून बाहेर येऊ लागले आहेत आणि त्यांच्याबरोबर एक जुना समजही परत आला आहे: रोल जितका बारीक दाण्याचा (म्हणजे फिल्मवरचे उजेड टिपणारे कण जितके लहान), तितका फोटो धारदार. त्या भरवशावर लोक आयएसओ १०० चा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते त्याचा आकडा) रोल घालतात आणि भाद्रपदातल्या ढगाळ संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर उभे राहतात. रोल धुऊन आला की जाळी, दोर, टोपलीतली सुरमई, सगळंच जरा मऊ, जरा पुसट. मग ठपका लेन्सवर, लॅबवर, नाहीतर रोलच्या तारखेवर. खरा दोष बहुतेक वेळा हाताचा असतो, आणि तो किती हे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजता येतं.

आधी फिल्मचं पाहू. कोडॅकच्या टी-मॅक्स १०० या कृष्णधवल फिल्मच्या माहितीपत्रकात क्षमतेचे दोन आकडे येतात: मिलिमीटरला २०० रेषा आणि मिलिमीटरला ६३ रेषा. इथे एक रेष म्हणजे एक काळी पट्टी आणि तिच्या शेजारची पांढरी, अशी जोडी. पहिला आकडा मिळतो तो तपासणीच्या तक्त्यावर, जिथे पांढरं काळ्याच्या १००० पट उजळ असतं. दुसरा मिळतो तो उजळ आणि गडद यांत जेमतेम १.६ पट फरक असताना. फुजीच्या वेल्व्हिया ५० साठी हेच आकडे १६० आणि ८०. लक्षात राहतो पहिला, फोटोत उपयोगी पडतो दुसरा. जांभ्याच्या चिऱ्यावरची भोकं, ओल्या वाळूवर खेकड्यांनी मांडलेल्या बारीक गोळ्या, माशाचे खवले: यांतला उजेड-सावलीचा फरक १००० पटींच्या आसपासही जात नाही. आता टी-मॅक्स ४०० चा दुसरा आकडा बघा: ५०. चौपट वेगवान फिल्म घेतली की ६३ चे ५० होतात, एवढीच किंमत. दाणा जास्त दिसतो हे खरं, पण दाणा दिसणं वेगळं आणि धार जाणं वेगळं.

मग लागतं किती? ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमीची. ती ८ पट मोठी केली की साधारण १९ × २९ सेंमीचा प्रिंट होतो. तो हातात धरून २५ सेंमीवरून पाहताना चांगल्या डोळ्याला कागदावर मिलिमीटरला ५ ते ७ जोड्या वेगळ्या ओळखता येतात. पाच धरल्या तर फिल्मवर ४० जोड्या हव्यात. हा ४० चा आकडा ध्यानात ठेवा.

आता हात. कॅमेरा नुसता बाजूला सरकला तर फारसं बिघडत नाही. १० मीटरवरच्या वस्तूसाठी ५० मिमी लेन्सचा कॅमेरा अख्खा १ मिमी सरकला तरी फिल्मवरची प्रतिमा ५ मायक्रॉनच हलते. घात होतो तो कॅमेरा वळल्यामुळे. फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) गुणिले वळण्याचा वेग गुणिले शटरचा वेळ, असं सरळ गणित आहे. हात सेकंदाला १ अंश, म्हणजे ०.०१७५ रेडियन, या वेगाने वळतोय असं धरू. ५० मिमीच्या लेन्समागे प्रतिमा सेकंदाला ०.८७ मिमी धावेल. १/३० सेकंदात २९ मायक्रॉन, १/६० मध्ये साडेचौदा, १/१२५ मध्ये ७, १/२५० मध्ये साडेतीन.

या मायक्रॉनांनी नेमकं काय होतं ते फार सुंदर आहे. मिलिमीटरला ४० जोड्या म्हणजे एक जोडी २५ मायक्रॉनची: साडेबारा काळे, साडेबारा पांढरे. शटर उघडं असताना पट्ट्यांची ही रांग फिल्मवरून सरकते आणि फिल्मचा प्रत्येक बिंदू आपल्यावरून गेलेला उजेड साठवत राहतो. रांग थोडीशी सरकली, तर पट्टीच्या कडेजवळचे बिंदू थोडं काळं आणि थोडं पांढरं पाहतात. कडा करडी होते. रांग बरोबर २५ मायक्रॉन सरकली, तर प्रत्येक बिंदूवरून एक अख्खी काळी आणि एक अख्खी पांढरी पट्टी जाते. सगळ्यांच्या वाट्याला सारखाच उजेड येतो. तिथे सपाट राखाडी उरतं. पट्ट्या होत्या याची खूणही राहत नाही. आणि २५ च्या पुढे गेलं की पट्ट्या परत दिसू लागतात, पण उलट्या. जिथे काळं हवं तिथे पांढरं, जिथे पांढरं हवं तिथे काळं. भिंगातून निगेटिव्ह बघणाऱ्याला वाटतं तपशील आलाय. तो तपशील खोटा असतो.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी: सरकलेलं अंतर (मिमी) आणि मिलिमीटरमागच्या जोड्या यांचा गुणाकार करा, त्याला पायने गुणा, आणि आलेल्या कोनाच्या साइनला त्याच कोनाने भागा. उत्तर म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला मूळ फरक किती उरला ते. ४० जोड्यांसाठी १/२५० ला ९७ टक्के, १/१२५ ला ८८, १/६० ला ५३ आणि १/३० ला उणे १३. उणे म्हणजेच वरची उलटापालट.

याच हिशेबात 'फोकल लेन्थ जितकी, तितक्याव्या हिश्शाचं शटर' हा सर्वांना पाठ असलेला नियम घालून बघा. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. लेन्स कुठलीही घ्या, गुणाकारात फोकल लेन्थ कापली जाते आणि दर वेळी साडेसतरा मायक्रॉनच उरतात. ३५ मिमी फिल्मवर ३० मायक्रॉनपर्यंतचा पुसटपणा चालवून घ्यायचा अशी जुनी रीत आहे. तिच्यात हे बसतं, म्हणून नियम टिकला. पण साडेसतरा मायक्रॉनांनी मिलिमीटरला ५७ जोड्यांचा तपशील पुरता सपाट होतो. म्हणजे बारीक दाण्याच्या रोलचे जे ६३ आपण पैसे मोजून घेतले, ते या नियमाने आधीच गमावले. बारीक रोलची क्षमता हातात धरून खरोखर वापरायची असेल तर छेद फोकल लेन्थच्या चौपट हवा: ५० मिमीला १/२००, म्हणजे कॅमेऱ्यावरचा १/२५०.

दाट ढगाखाली आयएसओ १०० ला एफ/५.६ वर १/१२५ असं ढोबळ माप आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ/८ ठेवलं की १/६०. आयएसओ ४०० चा रोल असता तर त्याच एफ/८ ला १/२५०. एकीकडे फिल्मचे ६३ चे ५० होणार, दुसरीकडे हाताचे ५३ टक्क्यांचे ९७ होणार. ढगाळ दिवशी चारशेचा रोलच जास्त धारदार फोटो देतो, यात मला तरी शंका नाही. एफ/४ उघडून शंभरच्या रोललाही १/२५० मिळतो, पण मग १० मीटरवर फोकस केल्यावर साधारण ७ ते १९ मीटरचाच पट्टा नीट येतो. जवळचा दोर आणि मागच्या होड्या दोन्ही जातात. उलट कडक उन्हात वाळूवर एफ/१६ ला चिकटून राहण्यातही अर्थ नाही. प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे छोट्या छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्याने, एफ/८ ची मर्यादा सुमारे २२७ जोड्या असते, एफ/१६ ची ११४.

१० मीटरवर वाळत टांगलेलं जाळं घ्या. धागा १ मिमी जाडीचा. ५० मिमीच्या लेन्सने फिल्मवर तो ५ मायक्रॉनचा होतो. १/६० ला तो साडेचौदा मायक्रॉन पसरतो, तिपटीने रुंद आणि तिपटीने फिका. मागे राखाडी आकाश असेल तर दिसेनासाच होतो. हात वर-खाली हलला असेल तर उभी डोलकाठी कडक राहते आणि तिला आडवे बांधलेले दोर जातात.

हीच गोष्ट निदानाला उपयोगी पडते. फोटो बिघडला की पाण्यावरचे चमचमणारे ठिपके भिंगाखाली बघा. फोकस चुकला असेल तर ठिपक्यांच्या गोल टिकल्या झालेल्या असतात आणि पुढचं-मागचं काहीतरी धारदार सापडतं. हात हलला असेल तर चौकटीभर प्रत्येक ठिपक्याचा एकसारखा छोटा हुक झालेला दिसतो, एकाच दिशेला वळलेला. मध्यभाग ठीक आणि कोपऱ्यातले ठिपके कमानीसारखे ओढलेले, तर शटर जोरात दाबल्याने कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली गेली. आणि फक्त खलाशीच पुसट असेल तर तो हलला, तुम्ही नाही.

'एका क्लिकमध्ये फोटो शार्प' म्हणणाऱ्या अॅपांबद्दल इथेच सांगायला हवं. ५३ टक्के उरलेला फरक पुन्हा वाढवता येतो, दाण्यासकट. शून्य झालेला येत नाही. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. तिथे जे 'परत' आलेलं दिसतं ते यंत्राने इतर हजारो फोटो पाहून बांधलेला अंदाज असतो. तुमच्या जाळ्याचा धागा तो नव्हे.

धरायचं कसं? डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, कॅमेरा कपाळाला लागलेला. श्वास छातीत कोंडून धरू नका, त्याने थरथर वाढते. अर्धा सोडा आणि तिथे थांबा. बटण बोटाच्या टोकाने ठोकू नका, पेराचा गुबगुबीत भाग त्यावर हळू दाबत न्या. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची बोल्ट, त्याला दीड मीटर सुतळी, दुसरं टोक पायाखाली, आणि कॅमेरा वर ताणून धरायचा: वर-खाली हालचाल खूपच कमी होते, डावी-उजवी मात्र नाही. बोल्टचे आटे ४-५ मिमीच आत जाऊ द्या आणि उरलेल्या लांबीत वॉशर भरा. लांब बोल्ट जोर लावून फिरवला तर कॅमेऱ्याचा तळ फुटतो.

होडीत गणित पालटतं. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गाकडे जाताना होडी दोन्ही बाजूंना ५-५ अंश कलतेय आणि एका हेलकाव्याला ३ सेकंद लागतात असं धरा. होडी मध्यावरून जाते तेव्हा वेग सेकंदाला सुमारे साडेदहा अंश होतो. तेव्हा बाजूच्या तटाकडे रोखून १/५०० ला टिपलं तरी १८ मायक्रॉन जातात. पण हेलकाव्याच्या टोकाला, होडी क्षणभर थबकून परत फिरते तिथे, वेग शून्य असतो. त्या क्षणाच्या एक दशांश सेकंद आत बटण दाबलं तर तो २ अंशांच्या आसपासच राहतो. तसंच नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून समोरचं टिपलं तर आडवा हेलकावा प्रतिमेला फक्त तिच्या मध्याभोवती फिरवतो आणि मधला भाग वाचतो. काठाला किंवा छताच्या खांबाला टेकू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. पाय फाकून, गुडघे सैल ठेवून उभं राहायचं, खलाशी राहतात तसं.

सेकंदाला १ अंश हा हिशेबापुरता धरलेला आकडा आहे. आपल्या हाताचा आपणच काढावा. अॅल्युमिनियमच्या कागदाला सुईच्या टोकाने अर्ध्या मिमीचं भोक पाडा, मागे मोबाइलची टॉर्च लावा आणि रात्री अंधाऱ्या पडवीत ५ मीटरवरून ५० मिमी लेन्सने फोटो काढा. डिजिटल कॅमेरा चालेल, हाताची थरथर भरून काढणारं स्थिरीकरण बंद हवं. प्रत्येक शटरला १० फोटो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या चौकटीच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो. भिंतीवर टेकवून काढलेला ठिपका ३ पिक्सेल रुंद आला आणि हातातला ७ पिक्सेल लांब, तर हात २४ मायक्रॉन हलला. दहांतला सर्वांत छोटा ओघळ धरून शटर ठरवू नका, छोट्यापासून मोजत सातवा-आठवा धरा. आणि हीच चाचणी बंदरापर्यंत चालत गेल्यावर, धाप लागलेली असताना पुन्हा करा; आकडा वेगळा येईल, आणि फोटो काढताना बहुधा तोच लागू असेल.