लोकसंख्या-संकोच आणि प्रादेशिक सुरक्षा

जन्म घटून वृद्धांचे प्रमाण वाढले आणि पुढे एकूण लोकसंख्याच आटू लागली, म्हणजे त्या राष्ट्राच्या व शेजाऱ्यांच्या संरक्षणसिद्धतेवर होणारा परिणाम. एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये) दीर्घकाळ सुमारे २.१ च्या खाली राहिला आणि बाहेरून येणाऱ्यांनी ती तूट भरली नाही, की हा संकोच ओघानेच येतो.

कल्पनेचे मूळ बहुधा ग्रीक आहे. ल्यूक्ट्राच्या लढाईतील (इ. स. पू. ३७१) एका पराभवातून स्पार्टा हे ग्रीक नगरराज्य सावरले नाही, याचे कारण ॲरिस्टॉटलने ‘माणसांचा तुटवडा’ असे दिले. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने इ. स. पू. ४८० च्या सुमारास ८,००० स्पार्टन पुरुष सांगितले आहेत. ॲरिस्टॉटलच्या मते ते पुढे हजाराच्याही आत आले. जन्मच घटले की नागरिकांच्या यादीतून नावे गळाली, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक इ. स. पू. ४६४ च्या सुमाराच्या भूकंपावर भर देतात. तथापि नागरिकांना बंधनकारक असलेल्या सार्वजनिक सहभोजनाचा वाटा भरू न शकणाऱ्याचे नागरिकत्व जात असे आणि जमीन थोड्यांच्या हाती एकवटत होती, हे पाहता यादीतून नावे गळाल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते.

आधुनिक चर्चा फ्रान्समध्ये जर्मनांकडून झालेल्या १८७०–७१ च्या पराभवानंतर वाढली. १९११ च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या ३.९६ कोटी, तर जर्मनीची ६.५ कोटी होती. १९१३ मध्ये फ्रान्सने सक्तीची सैन्यसेवा तीन वर्षांची केली.

आज हा प्रश्न पूर्व आशियात तीव्र आहे. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ वर आला. जपानने २०१८ मध्ये सैन्यभरतीची वयोमर्यादा २६ वरून ३२ केली. तैवानने २०२४ पासून सक्तीची सेवा चार महिन्यांवरून एक वर्षावर नेली. निवृत्तिवेतनाच्या भारामुळे वृद्ध राष्ट्रे युद्ध टाळतील, असे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मार्क हास यांनी २००७ मध्ये मांडले. वृद्धत्वाकडे झुकलेल्या रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर केलेले आक्रमण पाहता हे मत जपूनच स्वीकारावे.

पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा काळजी लोकसंख्यावाढीची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा जननदर १.७ आढळला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला तो तुटवड्यापायी नव्हे, समतेच्या मागणीवरील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशामुळे; तरीही सैनिक म्हणून कोणाला मोजायचे, हा स्पार्टाचाच प्रश्न त्यात आहे. ३० मे २०२५ रोजी १७ मुली प्रबोधिनीच्या खेत्रपाल संचलन मैदानावरचा ‘अंतिम पग’ (प्रशिक्षण संपल्याची खूण) ओलांडून बाहेर पडल्या.