होमरचा वाद युगोस्लाव्हियात नेणारा मिलमन पॅरी

होमरच्या नावावरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही प्राचीन ग्रीक महाकाव्ये एका कवीची की अनेकांची, हा वाद जुनाच. त्याला विद्यापीठीय धार आली ती १७९५ मध्ये, फ्रीड्रिख वोल्फ या जर्मन पंडिताच्या ग्रंथामुळे. त्या काळी लेखन रुळलेले नव्हते, तेव्हा एवढी लांबलचक काव्ये एकहाती रचली जाणे अशक्य, असे त्याचे म्हणणे. पुढची सव्वाशे वर्षे अनेककर्तृत्ववाले ‘इलियड’चे थर सुटे करत राहिले आणि एककर्तृत्ववाले ते पुन्हा सांधत राहिले. पुरावा म्हणून दोघांपुढेही तीच दोन काव्ये.

१९०२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जन्मलेला मिलमन पॅरी बर्कलेच्या विद्यापीठात ग्रीक शिकला. १९२३ च्या त्याच्या एम.ए.च्या छोटेखानी प्रबंधातच पुढच्या कामाचे बीज आहे. होमरची तीच ती विशेषणे त्याच्या डोक्यात घोळत होती. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन याच्यावर संतापलेला वीर अकिलीज जहाजांपाशी नुसता बसून राहतो. बसलेला असूनही ओळीच्या शेवटी तो ‘चपळ पायांचा अकिलीज’च असतो, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली ती जहाजेही ‘वेगवान’. टीकाकार अशा जागी एकतर खोल अर्थ शोधत, नाहीतर कवीला डुलकी लागली असे समजून पुढे जात.

पॅरीने उत्तर वृत्तात शोधले. होमरची ओळ सहा गणांची, आणि तिच्यात यतीच्या जागा ठरलेल्या. यतीनंतर उरलेल्या जागेत चपखल बसेल अशी नाम-विशेषणाची जोडी प्रत्येक मोठ्या पात्रासाठी तयार असते. जागा थोडी असेल तर ‘दिव्य अकिलीज’, जास्त असेल तर ‘चपळ पायांचा अकिलीज’, त्याहून जास्त असेल तर ‘चपळ पायांचा दिव्य अकिलीज’. याच शेवटच्या मापात ओडिसियससाठी ‘सोशिक दिव्य ओडिसियस’. एका पात्राला एका मापाची बहुधा एकच जोडी. इतकी काटकसरीची व्यवस्था एकटा कवी एका आयुष्यात उभारू शकणार नाही, ती पिढ्यांची कमाई असली पाहिजे, हे पॅरीने पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठातल्या १९२८ च्या प्रबंधात उदाहरणांचे तक्ते मांडून दाखवले.

पण परंपरागत शैली म्हणजे मौखिक शैली, हे त्याला तेव्हा पुरते उमगलेले नव्हते. तसे त्याने नंतर स्वतः लिहिले आहे, आणि डोळे उघडल्याचे श्रेय आपले गुरू, भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांना दिले आहे. योगही असा की, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या सुमारास प्रागचे प्राध्यापक मातिया मुर्को पॅरिसमध्ये दक्षिण स्लाव लोकांच्या वीरगाथांवर व्याख्याने देत होते. या गाथा गाणारे अजून हयात होते.

वर्षभर आयोवातल्या ड्रेक विद्यापीठात शिकवून पॅरी हार्वर्डला आला. इथवरचे काम व्यासंगी, पण टेबलावरचे. खरी उडी त्याने पुढे मारली. मौखिक काव्य कसे घडते हे ग्रीकांना विचारायची सोय नाही, तर ज्यांना विचारता येईल त्यांच्याकडे जावे, असे त्याने ठरवले. १९३३ च्या उन्हाळ्यात तो युगोस्लाव्हियात पाहणी करून आला. १९३४ मध्ये पुन्हा गेला, तो सव्वा वर्षासाठी. सोबतीला आल्बर्ट लॉर्ड हा तरुण विद्यार्थी आणि निकोला वुयनोविच हा हर्झेगोव्हिनाचा दुभाषा. निकोला स्वतः गायक, त्यामुळे गायकांना बोलते कसे करायचे हे त्याला नेमके ठाऊक. ध्वनिमुद्रणाचे यंत्र कनेक्टिकटमध्ये खास बनवून घेतलेले होते. ॲल्युमिनियमच्या तबकडीची एक बाजू काही मिनिटांतच भरायची, म्हणून दोन फिरत्या तबकड्या आणि मधे एक कळ: एक भरत आली की दुसरी चालू. गायकाला थांबवावे लागत नसे. अशा साडेतीन हजारांहून अधिक तबकड्या जमल्या.

गायक गुस्ले या तंतुवाद्याच्या साथीने गात, बहुतेक कॉफीच्या दुकानांत. मुस्लिम वस्तीत रमजानच्या रात्री एकेक गाणे रात्रभर रंगायचे. आपण ऐकलेले गाणे शब्दन् शब्द तसेच गातो, असे गायक छातीठोक सांगत. मुद्रणे ताडून पाहिली की ओळी वेगळ्या निघत. खोटे कोणी बोलत नव्हते. त्यांच्या लेखी कथा तीच, म्हणजे गाणे तेच.

बियेलो पोल्येचा अव्दो मेजेदोविच हा त्यांच्यातला मेरुमणी. धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. पॅरीने त्याची परीक्षाच घेतली. मुमिन व्लाहोव्ल्याक नावाच्या गायकाला अव्दोने कधी न ऐकलेले गाणे त्याच्यासमोर गायला लावले. ते भरले २,२९४ ओळी. मग पॅरीने अव्दोला विचारले, जमेल का? गाणे चांगले आहे, मुमिनही छान गायला, पण मी कदाचित आणखी चांगले गाईन, असे उत्तर आले. अव्दोचे गाणे झाले ६,३१३ ओळींचे. प्रसंग तेच, वर्णने, भाषणे, मनातली घालमेल त्याने जागच्या जागी भरली. ‘स्माइलागिच मेहोचे लग्न’ हे त्याने सांगून लिहवलेले काव्य बारा हजार ओळींच्या वर गेले, म्हणजे साधारण ‘ओडिसी’एवढे. वोल्फचे ‘अशक्य’ इथे निकालात निघाले.

मूळ पाठ या कल्पनेलाही यातून धक्का बसला. याच सुमारास पुण्यात भांडारकर संस्थेत सुकथनकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. हस्तलिखिते ताडून शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत मागे जाणे ही त्यांची रीत. हाती पोथ्या असताना ती रास्तच. पण प्रत्येक वेळी गाणे नव्याने घडत असेल, तर मागे जाऊन सापडायला एकच मूळ उरत नाही. पुढे महाभारताच्या अभ्यासकांनाही या प्रश्नाशी झुंजावे लागले.

पॅरी सप्टेंबर १९३५ मध्ये परतला. ३ डिसेंबरला लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलात, सामानातल्या पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. वय ३३. अधिकृत नोंद अपघाताची आहे. त्यावर तर्ककुतर्क पुष्कळ झाले, त्यांनी होमरबद्दल काही कळत नाही.

काम लॉर्डने पुढे नेले. ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हे त्याचे पुस्तक १९६० चे. त्याआधी, चाळीसच्या दशकाच्या आरंभी, संगीतकार बेला बार्तोकने न्यूयॉर्कमध्ये पॅरीच्या संग्रहातल्या स्त्रीगीतांचे स्वरलेखन केले. संग्रह आजही हार्वर्डमध्ये आहे.

सगळ्यात नेमका आक्षेप घरातूनच आला. पॅरीचा मुलगा ॲडमही ग्रीकचा अभ्यासक झाला. १९७१ मध्ये वडिलांचे सगळे लेखन एकत्र छापले ते त्यानेच, आणि त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात तोही गेला. मात्र तयार शब्दसमूह जुळवत गेले की ‘इलियड’ होते, हे त्याला पटत नव्हते. त्या काव्यामागे एका कवीची योजना आणि लेखनाचा हात दिसतो, असे त्याने १९६६ मध्ये मांडले होते. त्याच्या दशकभर आधीच्या निबंधात तर त्याने वडिलांच्याच अकिलीजला साक्षीला बोलावले होते: सगळ्यांची ठरीव भाषाच हाती असल्यामुळे, वीरांच्या त्या जगावरचा विश्वास उडाल्यावर अकिलीजला ती मोडूनतोडून बोलावे लागते.